जांघेतील अंतर्गळ : शेतकऱ्याने लपवू नये असे दुखणे

खरीप हंगाम जवळ आला की आपण औताची पास तपासतो, पाभर दुरुस्त करून घेतो, पंप चालू करून पाहतो आणि बांधाला उंदरांनी बिळे पाडली आहेत काय, याची एक फेरी मारून खात्री करून घेतो. ज्या देहाच्या बळावर ही सर्व कामे व्हावयाची त्या देहाची अशी पाहणी मात्र क्वचितच होते. त्यातही दुखणे लाजेच्या जागी असेल तर ते घरातील माणसांसही कळू दिले जात नाही. जांघेतील अंतर्गळ, ज्यास हल्ली सर्वत्र हर्निया म्हणतात, तो अशा लपविल्या जाणाऱ्या दुखण्यांपैकी एक होय.

प्रस्तुत लेखक वैद्यकाचा नव्हे, कृषिशास्त्राचा पदवीधर आहे. तरीही या विषयावर लिहिण्याचे एक कारण घडले. काही वर्षांपूर्वी सोयाबीनची मळणी पाहण्यासाठी एका शिवारात गेलो असता पन्नाशीचे एक शेतकरी कट्टे ट्रॉलीत चढवीत होते. गावात त्यांना सर्व जण तात्या म्हणत. प्रत्येक कट्टा उचलण्यापूर्वी ते डावा हात क्षणभर जांघेवर दाबून धरीत. “तात्या, काही दुखते काय?” असे विचारता ते ओशाळून म्हणाले, “साधी गाठ आहे साहेब. निजलं की जाती. सुगी होऊ द्या, मग बघू.” मीही मान डोलावली आणि बियाण्याच्या गोष्टीकडे वळलो.

ती गाठ नऊ वर्षांची होती, हे मागाहून समजले. पुढे चारच दिवसांनी रात्री ती बाहेर आली ती आत जाईना. पोटात कळा येऊ लागल्या, उलट्या सुरू झाल्या. वायगोळा असेल म्हणून शेक देण्यात आणि ओवा खाण्यात ती रात्र गेली. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली तेव्हा आतड्याचा अडकलेला भाग काळा पडला होता. तो कापून काढावा लागला. तात्या वाचले. परंतु त्या वर्षी त्यांचे रब्बीचे रान पडीक राहिले आणि दावणीचा एक बैल विकावा लागला. “निजलं की जाती” या तीन शब्दांचा अर्थ मला त्या दिवशी ठाऊक असता, तर मी नुसती मान डोलावली नसती. गावोगाव हिंडणाऱ्या कार्यकर्त्यांस व शेतकरी बंधूंस तो ठाऊक असावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पोटाची भिंत व जांघेतील वाट

पोटाच्या पोकळीत आतडी असतात. त्यांच्याभोवती पर्युदर नावाचे एक पातळ, गुळगुळीत अस्तर असते. या अस्तराबाहेर स्नायूंची भिंत असते. पोटाच्या दोन्ही बाजूंस स्नायूंचे तीन थर एकावर एक असून त्यांचे तंतू निरनिराळ्या दिशांनी गेलेले असतात. त्यामुळे भिंतीस बळकटी येते. परंतु खाली जांघेकडे येता येता मांसल भाग कमी होतो आणि केवळ पांढरे, चिवट पडदे उरतात. कमरेच्या हाडाचे पुढचे टोक बोटाने चाचपून पाहावे. तेथून ओटीच्या खालच्या हाडापर्यंत तिरकस जाणारा एक बळकट बंध असतो. त्यास वंक्षण बंध म्हणतात. पोट आणि मांडी यांमधील सीमा हीच.

या बंधाच्या किंचित वर, त्याला समांतर, भिंतीच्या थरांतून तिरकस गेलेली सुमारे ४ सेंटिमीटर लांबीची एक वाट आहे. तिला वंक्षण नाल म्हणतात. पुरुषांत या वाटेने वृषणाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या व वीर्यवाहिनी यांची दोरी जाते. स्त्रियांत गर्भाशयाचा एक बारीक बंध जातो. पुरुषांत जाणारी दोरी जाड, म्हणून वाटही रुंद. पाश्चात्य देशांतील पाहणीत १०० पुरुषांपैकी सुमारे २७ जणांस आणि १०० स्त्रियांपैकी सुमारे ३ जणींस आयुष्यात केव्हा तरी जांघेतील अंतर्गळ होतो असे आढळले आहे. या तफावतीचे मुख्य कारण या वाटेच्या रुंदीत आहे.

ही वाट मुळात का असावी? गर्भावस्थेत मुलाचे वृषण पोटात, मूत्रपिंडांच्या जवळ तयार होतात. तेथून ते हळूहळू खाली सरकतात आणि सातव्या महिन्याच्या सुमारास या नालातून अंडकोशाकडे उतरू लागतात. त्यांच्यापुढे पर्युदराच्या अस्तराची एक बोटाएवढी पिशवीही खाली उतरते. वृषण जागेवर पोहोचल्यावर या पिशवीचे तोंड मिटावयास हवे. बहुतेकांत ते मिटते. काहींत मात्र ते कमीअधिक उघडे राहते. उजवीकडील पिशवी डावीकडीलपेक्षा उशिरा मिटते. त्यामुळे उजव्या बाजूचा अंतर्गळ अधिक आढळतो.

निसर्गाने या वाटेस संरक्षण दिलेले नाही असे नव्हे. ती सरळ आरपार नसून तिरकस आहे, त्यामुळे पोटात दाब वाढला की तिच्या दोन भिंती एकमेकींवर दाबल्या जातात. शिवाय खोकताना किंवा ओझे उचलताना वरचे स्नायू आकुंचन पावून मोरीच्या झडपेप्रमाणे खाली उतरतात व वाट झाकतात. हे संरक्षण जेथे अपुरे पडते तेथे अंतर्गळ होतो.

बीळ आधी, पाणी मागाहून

बांध फुटला की आपण पावसाला दोष देतो. परंतु जाणता शेतकरी प्रथम बीळ शोधतो. पाण्याने बांध फुटला हे खरे, तथापि फुटला तेथे बीळ तरी होते किंवा माती तरी झिजली होती. अंतर्गळाचेही असेच आहे आणि त्याचे दोन प्रमुख प्रकार या दोन कारणांवरून पडतात.

पहिल्या प्रकारात जन्मापासून उघड्या राहिलेल्या पिशवीच्या वाटेने आतडे किंवा पोटातील चरबीचा पदर नालात शिरतो आणि पुढे अंडकोशापर्यंतही उतरतो. हे जुने बीळ होय. लहान मुलांत व तरुणांत बहुधा हाच प्रकार असतो. दुसऱ्या प्रकारात नालाची मागची भिंत, ओटीच्या हाडाजवळच्या तिकोनी जागी, वयपरत्वे झिजून पातळ होते आणि सरळ पुढे फुगते. ही झिजलेली माती होय. हा प्रकार चाळिशीनंतर अधिक दिसतो.

सारांश, अमुक एक पोते उचलले म्हणून अंतर्गळ झाला, असे म्हणणे अर्धेच खरे आहे. पोत्याने फक्त बिळावर पाणी लोटले. दाब वाढविणाऱ्या गोष्टी अनेक आहेत : नित्याचे जड ओझे, विडी-सिगारेटमुळे जडलेला खोकला, शौचाच्या वेळी कुंथणे, उतारवयात लघवीस जोर करावा लागणे. धूम्रपानाने तर खोकलाही वाढतो आणि चिवट पडद्यांची झीजही होते.

आपल्या पूर्वजांस या विकाराची उत्तम ओळख होती. सुश्रुतसंहितेत अंत्रवृद्धी या नावाने त्याचे वर्णन आले आहे. ओझे वाहणे, आपल्याहून बलवान माणसाशी झुंजणे, झाडावरून पडणे ही त्याची कारणे तेथे दिली आहेत. दाबले असता गाठ वर जाते व सोडले असता पुन्हा फुगते, हे लक्षणही नोंदविले आहे. मात्र त्या काळी हा विकार असाध्य मानला जाई. आज तो असाध्य राहिलेला नाही.

मांडीकडील अंतर्गळ

वंक्षण बंधाच्या खाली, मांडीत उतरणाऱ्या मोठ्या शिरेच्या आतल्या बाजूस आणखी एक अरुंद फट असते. तिच्यातून होणारा अंतर्गळ पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. गाठ लहान, सुपारीएवढीच असते. पण फटीच्या कडा कठीण असल्याने आतडे अडकण्याचा धोका येथे फार मोठा असतो. म्हणून निंदणी-खुरपणीस जाणाऱ्या माता-भगिनींनी जांघेच्या खालच्या बाजूस अशी गाठ आढळल्यास ती मुळीच अंगावर काढू नये. लाजेमुळे सर्वाधिक उशीर येथेच होतो आणि तो सर्वाधिक महागही येथेच पडतो.

गाठ कशाची, हे कसे ओळखावे?

जांघेतील प्रत्येक गाठ अंतर्गळ नसते. नक्की निदान डॉक्टरांनीच करावयाचे. तथापि पुढील खुणा लक्षात ठेवाव्यात.

अंतर्गळाची गाठ उभे राहिल्यावर, खोकल्यावर किंवा ओझे उचलल्यावर फुगते आणि उताणे निजल्यावर बहुधा आत जाते. तिच्यावर हात ठेवून खोकल्यास हाताला धक्का जाणवतो. संध्याकाळी तेथे जडपणा किंवा ओढ लागल्यासारखे वाटते.

पायाला काटा लागून किंवा चिखल्या होऊन जखम चिघळली म्हणजे जांघेत जी दुखरी गाठ येते, तिला आपण अवधाण म्हणतो. ती निजल्याने जात नाही. पायाच्या जखमेवर उपचार केल्यावर ती सहसा ओसरते.

अंडकोशात पाणी साठल्यासही तो मोठा होतो. पूर्व विदर्भातील हत्तीरोगाच्या पट्ट्यात असे रुग्ण अनेक आढळतात. अशा सुजेच्या वरच्या टोकाशी बोटे नेता येतात आणि तेथे दोरी निराळी हाताला लागते. अंतर्गळ अंडकोशात उतरला असता मात्र वरचे टोक सापडत नाही, कारण ते थेट पोटात गेलेले असते.

तान्ह्या बाळांविषयी एक भेद आवर्जून सांगितला पाहिजे. बाळाची फुगलेली बेंबी बहुधा चार-पाच वर्षांत आपोआप बसते. जांघेतील अंतर्गळ मात्र वयाने मिटत नाही आणि बालकांत आतडे अडकण्याचा धोका अधिक असतो. “मोठा झाला म्हणजे जाईल” असे समजून वाट पाहू नये. लवकर शस्त्रक्रिया करून घ्यावी. वेळेपूर्वी जन्मलेल्या बाळांत हा विकार विशेष आढळतो, म्हणून त्यांच्याकडे अधिक लक्ष द्यावे.

पट्टा, लेप आणि डाग

बिळावर गोणपाट टाकल्याने बीळ बुजत नाही. कमरेचा पट्टा किंवा घट्ट लंगोट बांधल्याने गाठ काही काळ दबून राहील, परंतु वाट बंद होणार नाही. कोणतीही गोळी, लेप किंवा काढा उघडी वाट मिटवू शकत नाही. डाग देण्याने तर कातडी भाजते एवढेच. चुकीचा बसविलेला पट्टा आतड्याच्या अडकलेल्या वळ्यावर दाबला गेल्यास अपाय होण्याचाही संभव असतो. अंतर्गळावर उपाय एकच, तो म्हणजे शस्त्रक्रिया.

शस्त्रक्रियेने काय साधते?

इटलीतील पादुआ येथील शल्यचिकित्सक एदोआर्दो बासिनी यांनी १८८७ साली नालाची मागची भिंत शिवून बळकट करण्याची पद्धत जगापुढे मांडली. तरुणपणी, १८६७ च्या एका लढाईत, त्यांना स्वतःला जांघेत संगिनीची जखम झाली होती. त्यांच्यापासून या विकाराच्या खऱ्या उपचारास आरंभ झाला. पुढे अमेरिकेतील लिख्टेनस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली ताणून टाके घालण्याऐवजी कृत्रिम धाग्याच्या जाळीचे ठिगळ लावण्याची पद्धत प्रसिद्ध केली. जाळीच्या छिद्रांतून शरीराचे तंतू वाढतात आणि ती भिंतीशी एकजीव होते. बांधावर हरळी लावली असता तिची मुळे माती बांधून ठेवतात, तसाच हा प्रकार समजावा. ही शस्त्रक्रिया केवळ ती जागा बधिर करूनही करता येते. त्यामुळे वृद्धांनीही धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

या कार्यात महाराष्ट्राचा वाटा अभिमानास्पद आहे. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले आणि त्याचे अनुभव २००३ साली प्रसिद्ध केले. गरीब रुग्णास जाळीची किंमत परवडत नाही, ही ग्रामीण भागातील अडचण त्यामागे होती. पुढे पूर्व युगांडात ३०२ पुरुषांवर अशी स्वस्त जाळी व बाजारातील महाग जाळी यांची तुलना करण्यात आली. वर्षभरानंतर अंतर्गळ पुन्हा होणे किंवा इतर उपद्रव होणे यांत दोहोंमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. हे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी जाळीविनाच, रुग्णाच्या स्वतःच्या स्नायूच्या चिवट पडद्याची पट्टी वापरून भिंत बळकट करण्याची पद्धत बसविली व ४०० रुग्णांचा अनुभव २००१ साली मांडला. कोणत्या रुग्णास कोणती पद्धत योग्य, हे शल्यचिकित्सकांनी ठरवावयाचे असते.

हंगाम पाहावा; पण केव्हा पाहू नये?

शेतकऱ्याचा खरा प्रश्न येथे आहे. सुगी टाकून दवाखान्यात कसे निजावे? ऊसतोडणी कामगाराची अडचण तर याहून बिकट. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, खाडा झाला तर मजुरी बुडते आणि मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढावे तर लागतेच. या अडचणी खऱ्या आहेत. त्यांची थट्टा करून कोणी शहाणे होत नाही.

म्हणून वस्तुस्थिती जशी आहे तशी सांगावी. प्रत्येक अंतर्गळ आज रात्रीच अडकतो असे नाही. फारसा त्रास नसलेल्या पुरुषांना देखरेखीखाली ठेवून उत्तर अमेरिकेत एक अभ्यास झाला व तो २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात तातडीची अडकण वर्षाला हजारी २ हूनही कमी आढळली. परंतु दहा वर्षांत त्यांपैकी सुमारे ६८ टक्के लोकांना शेवटी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, मुख्यतः दुखू लागल्यामुळे. शिवाय त्या लोकांची गाठ डॉक्टरांच्या नजरेखाली होती. आपली गाठ धोतराखाली लपलेली असते आणि दवाखाना कित्येक कोस दूर असतो. हा फरक विसरू नये.

तेव्हा मध्यम मार्ग असा : गाठ दिसताच डॉक्टरांस दाखवावी. त्यांनी थांबण्यास हरकत नाही असे सांगितल्यास आपल्या कामाचा आराखडा पाहून शस्त्रक्रियेचा महिना नक्की करावा. कोरडवाहू शेतकऱ्यास रब्बीची सुगी उरकल्यानंतरचा, चैत्र-वैशाखाचा काळ सोयीचा पडतो. शस्त्रक्रियेनंतर हिंडणे-फिरणे लवकरच सुरू करता येते. जड ओझे मात्र बहुधा चार ते सहा आठवडे टाळण्यास सांगतात. चैत्रात शस्त्रक्रिया झाल्यास मृगापर्यंत माणूस पेरणीस उभा राहू शकतो. “मग बघू” याऐवजी “चैत्रात करू” असे ठरले, म्हणजे अर्धे काम झाले. स्त्रियांतील मांडीकडील अंतर्गळ व लहान मुलांतील अंतर्गळ यांना मात्र हा नियम लावू नये. तेथे लवकरात लवकर शस्त्रक्रिया हेच धोरण ठेवावे.

पुढील लक्षणे दिसल्यास हंगाम, मुहूर्त किंवा पैसा यांपैकी काहीही पाहू नये :

१. एरवी आत जाणारी गाठ आत जाईनाशी होणे.
२. गाठ कठीण व दुखरी होणे, तिच्यावरील कातडी लाल किंवा काळसर दिसणे.
३. पोटात कळा येणे, पोट फुगणे, उलट्या होणे.
४. शौचास न होणे व वाराही न सरणे.

आतड्याचा वळा फटीत आवळला गेला की त्याचा रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांतच तो सडू लागतो. अशा वेळी रुग्णास तोंडाने अन्न-पाणी देऊ नये, रेचक तर मुळीच देऊ नये. गाठ जोराने दाबून आत ढकलू नये, तेल लावून चोळू नये. रुग्णास निजवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी व शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच न्यावे. सकाळ होण्याची वाट पाहू नये.

ओझ्याविषयी दोन शब्द

प्रौढ पुरुषाने वाहावयाचे ओझे ५५ किलोंहून अधिक असल्यास ते त्या मर्यादेपर्यंत खाली आणावे, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच केली आहे. आपल्याकडे युरियाची गोणी २०१८ पासून ५० ऐवजी ४५ किलोंची झाली, हे योग्यच झाले. धान्याची पोतीही क्विंटलची न भरता अर्ध्या क्विंटलची भरावीत. कट्टा दोघांनी मिळून उचलावा. उचलताना कमरेतून वाकण्याऐवजी गुडघे मोडून बसावे, ओझे अंगाशी धरावे, श्वास कोंडून न ठेवता सोडीत उठावे आणि ओझे हातात असताना कमरेत पिळा देऊ नये. ट्रॉलीस फळी लावून पोती सरकवीत न्यावीत. यामुळे असलेले बीळ बुजणार नाही, परंतु त्यावर लोटणारे पाणी निश्चित कमी होईल. विडी सोडणे व खोकल्यावर वेळीच उपचार करणे याचाही तोच उपयोग आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस विनंती

बियाणे, खते व औषधे यांच्या निमित्ताने आपण ज्या घरांत जातो तेथे आपल्यावर विश्वास असतो. पोती उचलताना कोणी जांघेवर हात दाबीत असेल तर त्याला चारचौघांत न विचारता बाजूस घेऊन विचारावे. स्त्रियांच्या बाबतीत ही चौकशी आशा कार्यकर्तीमार्फत व्हावी. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांस भेटून शस्त्रक्रिया कोणत्या शासकीय रुग्णालयात होते, कोणत्या वारी होते व खर्चास कोणत्या योजनेची मदत मिळू शकते, याची माहिती आपल्या वहीत आधीच लिहून ठेवावी. कोणी “निजलं की जाती” असे म्हणाला, तर ती आपल्यासाठी धोक्याची सूचना समजावी.

तात्या आता पुन्हा शेती करतात. पोती मुलगा आणि गडी मिळून उचलतात. गेल्या वर्षी त्यांच्या भावकीतील एका तरुणास अशीच गाठ आली, तेव्हा त्यांनी स्वतः त्याला तालुक्याच्या रुग्णालयात नेले आणि चैत्रात शस्त्रक्रिया करवून आणली. मृगाच्या पेरणीस तो तरुण पाभरीमागे होता. बांधाचे बीळ पाऊस येण्यापूर्वी बुजवावे, ही रीत आपण शेतात पाळतोच. देहाच्या बाबतीतही ती पाळणे आपल्याच हिताचे आहे.